सूड चारदा घेतला, भीती एकदाही वाटली नाही

प्रिय दिग्दर्शकबाई,

तुझ्या सिनेमाचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, दोनदा पाहिला. एकदा सलग, एकदा घड्याळ समोर ठेवून. चार सूडकथा, त्यांना बांधणारी शवागाराची चौकट, एकूण ११८ मिनिटं. पाहणारे कंटाळतात पण नेमकं कुठे ते सांगत नाहीत, असं तू लिहिलंयस. घड्याळ सांगतं: ४२व्या मिनिटाला. वसतिगृहाच्या गोष्टीतला दुसरा मुलगा आरशासमोर जाऊन उभा राहतो तिथे. अर्थात तिथे नुसता ताप दिसतो. दुखणं संहितेच्या पहिल्या पानापासूनचं आहे. आणि ते तुझ्या एकटीचं नाही, सूड आणि भय एकत्र आणणाऱ्या बहुतेक सिनेमांना ते असतंच.

भयकथा चालते, कारण पडद्यावरच्या माणसाचं काही बरंवाईट होऊ नये असं पाहणाऱ्याला वाटत असतं. सूडकथा चालते ती बरोबर उलट्या कारणानं: त्याचं वाटोळं कधी होतंय याची आपण वाट बघत असतो. दोन्ही एका भांड्यात घातलं की एकमेकांना मारतात. तुझा घरमालक जिन्यात मरतो तेव्हा प्रेक्षक दचकत नाही, मनातल्या मनात ‘बरं झालं’ म्हणतो. भूत त्याच्याच पक्षातलं आहे. आपल्या पक्षातल्या भुताला कोण घाबरतं?

यातून सुटायच्या वाटा मोजक्याच आहेत. अपराध इतका लहान ठेवायचा की तो आपल्या हातूनही झाला असता. किंवा शिक्षा अपराधापेक्षा इतकी जड करायची की टाळी वाजवायला उचललेले हात मध्येच थांबतील. किंवा खोलीत एक निरपराध माणूस आणून ठेवायचा, ज्याला या हिशेबाची कल्पनाच नाही. किंवा सूड घेणाऱ्यालाच त्याची किंमत मोजायला लावायची. तुझ्या चार गोष्टींपैकी फक्त तिसरीत, लेखकाच्या गोष्टीत, यातलं एक घडतं. तीच सगळ्यात बरी झालीय, हा योगायोग नव्हे.

आता एक कागद घे आणि आडवा धर. प्रत्येक गोष्टीसाठी एक ओळ, प्रत्येक ओळीत पाच रकाने: काय हिरावलं, कशानं हिरावलं, कोणाला माहीत होतं, परतफेड कशानं झाली, बिल कोणाच्या नावावर फाटलं. तुझा सिनेमा भरून बघितला तर चौथ्या रकान्यात असं येतं: केस, केस, हात, केस. पहिली, दुसरी, चौथी, तिन्ही भुतं मोकळ्या केसांनी गळा आवळतात. लेखकाच्या गोष्टीत तेवढा हात पुढे येतो. म्हणजे जिन्यात पडून मेलेली म्हातारी, पाण्याच्या टाकीत कोंडून मेलेला मुलगा आणि विषानं मेलेली बायको, तिघांचं मरण वेगळं आणि सूड मात्र एकाच दुकानातून आणलेला. दुसरा रकाना आणि चौथा रकाना एकमेकांशी बोलले पाहिजेत. ‘करावं तसं भरावं’ यातला ‘तसं’ हा शब्द तू गाळलास.

हा ‘तसं’ किती नेमका असू शकतो ते बघायचं असेल तर १९७२चा ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ पुन्हा काढ. १९५०च्या दशकातल्या ईसी कॉमिक्स या अमेरिकन चित्रकथांवरून केलेला, पाच गोष्टींचा, ९२ मिनिटांचा. त्यातली शेवटची गोष्ट अंधांच्या निवासाची आहे. नवा अधीक्षक येतो, खर्च कमी करायचा म्हणून शेकोटी आणि जेवणात काटकसर करतो, स्वतः मात्र उबेत बसून चांगलंचुंगलं खातो आणि कुत्र्यालाही घालतो. थंडीनं एक जण मरतो. मग ते अंध रहिवासी काय करतात? त्याला आणि कुत्र्याला वेगवेगळं कोंडतात, दोघांनाही उपाशी ठेवतात, आणि बाहेर ठाकठोक करत एक अरुंद बोळ बांधतात. भिंतींना दाढीच्या पात्यांच्या रांगा. दार उघडल्यावर तो अंग चोरून, एकेक पाऊल टाकत त्यातून जातो. पलीकडे भुकेला कुत्रा. अधीक्षक मागे पळतो आणि नेमका तेव्हा दिवा जातो. उपास, कोंडणं, अंधार: जे त्यांच्या वाट्याला आलं तेच आणि तेवढंच. भूत नाही, केस नाहीत. आणि तरी आपण त्याच्या बाजूनं होतो, कारण त्या बोळात पाऊल टाकताना आपलंही अंग आक्रसलेलं असतं. भीती अंगात येते ती अशी, त्वचेतून.

आता तुझ्या गोष्टींकडे येऊ. ‘जिना’वर जास्त वेळ घालवतो, कारण ती दुरुस्त झाली की बाकीच्यांना वळण मिळेल.

घरमालकाला म्हातारीनं खोली सोडायला हवीय, म्हणून तो जिन्यातला बल्ब काढतो. ती अंधारात पडते, मरते. काय सुंदर अपराध आहे हा! हात न लावता केलेला खून. आणि तू त्याला दोन सेकंद दिलेस. तुझ्या फुटेजमध्ये तो शॉट पूर्ण आहे का बघ: तो बल्बला हात लावतो, चटका बसतो, मग खिशातून रुमाल काढून त्यानं बल्ब फिरवतो. हा चटका गाळलाय. तो परत आण. बल्ब गरम आहे म्हणजे तो आत्तापर्यंत तिच्यासाठी जळत होता, हे संवादाशिवाय कळतं. रुमाल काढायला लागलेली चार सेकंदं म्हणजे त्याला मागे फिरायला मिळालेली चार सेकंदं. तो फिरला नाही. इथे अपराध पूर्ण झाला. नंतरचा पश्चात्तापाचा संवाद कापून टाक.

आणि मग शेवटी तू बल्ब विसरतेस! म्हातारी पांढऱ्या कपड्यांत कठड्यावरून उतरते, केस वाढतात, खेळ खलास. त्याऐवजी घरमालकाला अंधारात जिना चढायला लाव. सुरुवातीला दिवसाउजेडी म्हातारी पिशवी घेऊन चढते तो शॉट आहेच. त्यावर तिचं पुटपुटत पायऱ्या मोजणं डबिंगमध्ये घाल. बारा, तेरा, चौदा. हे पाहणाऱ्याच्या कानात बसू दे. शेवटी घरमालक बटण दाबतो, टक, टक, दिवा लागत नाही. मग तोही मोजत चढतो. चौदा झाल्यावर पाय सपाटीवर टेकायला हवा. तिथे पंधरावी पायरी येते. मग सोळावी.

त्याच्या खांद्यावर झोपलेलं नातवंड दे. आता तो पडला तर एकटा पडत नाही, आणि ‘बरं झालं’ म्हणणारा प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो. यासाठी अर्ध्या रात्रीचं पॅच शूट, म्हणजे राहिलेल्या तुकड्यांचं चित्रीकरण, पुरेल: एक नट, एक जिना. शालीत गुंडाळलेलं मूल म्हणजे कापडी बाहुली, साधारण खऱ्याच वजनाची, नाहीतर नट ते उशीसारखं धरतो आणि सोंग उघडं पडतं. अंधाऱ्या जिन्यात खऱ्या लहान मुलाला आणायचं नाही, नटाला आधी उजेडात दहा वेळा चढउतार करून घ्यायची, आणि पायऱ्यांच्या कडांना कॅमेऱ्याला न दिसणारी चिकटपट्टी लावायची. अंधार म्हणजे प्रकाश बंद करणं नव्हे. वरच्या खिडकीतून एक मंद, आडवा उजेड ठेव, कठड्याची कडा तेवढी उजळेल इतका; मागच्या वेळी सगळंच काळं झालं आणि मोबाईलवर बघणाऱ्याला नुसती गुरगुर ऐकू आली.

‘वसतिगृह’ ३४ मिनिटांची आहे. एकाला टाकीत कोंडणारी चार मुलं, त्यांची चार मरणं, आणि पहिल्या तिन्हींची चाल एकच: कॅमेरा हळूहळू पुढे, शांतता, चेहरा, किंकाळी. दुसऱ्या वेळी पाहणारा ओळखतो, तिसऱ्या वेळी तो मनात मोजायला लागतो. साखळीनं होणाऱ्या मरणांचा एक हिशेब असतो: दर वेळी कमी दाखवायचं. पहिलं मरण दीड मिनिटाचं राहू दे. दुसरं २० सेकंदांत, बंद दाराबाहेरून. फक्त दाराखालून येणारं पाणी. आरशाचा शॉट टाकून दे, कितीही आवडता असला तरी. तिसरं दाखवूच नकोस, सकाळी त्याचा पलंग ओला सापडतो एवढंच. असं वाचलेलं सगळं चौथ्या मुलाला दे. टाकीची किल्ली त्याच्या खिशात होती आणि आतून येणारे ठोके ऐकूनही त्यानं ती काढली नाही. ही गोष्ट त्याचीच आहे. बाकी तिघं गुंड आहेत, गुंड मेल्याचं भय कोणाला? आणि त्याला मारणारे केस नकोत, ठोके हवेत. रोज रात्री, प्रत्येक बंद दारामागून. तो दारं उघडत सुटतो आणि शेवटचं दार टाकीचं असतं. हे सगळं २१ मिनिटांत बसतं.

त्याच गोष्टीतलं रक्त गुलाबी दिसतंय, सरबतासारखं. एक वाटी साखरेचा घट्ट पाक, दोन चमचे पाणी, लाल खायचा रंग चमचाभर, त्यात निळ्याचे दोनच थेंब आणि कोको पावडर चिमूट-चिमूट करत, गुठळ्या मोडत. कोकोनं ते दाट आणि अपारदर्शक होतं, निळ्यानं गुलाबीपणा जातो. पण निळ्या प्रकाशात तेच रक्त काळं दिसेल, म्हणून ज्या दिव्यात शूट करणार त्याच दिव्यात कॅमेऱ्यातून तपासायचं, डोळ्यांनी नाही. कपड्यांचे तीन जोड ठेव; डाग निघत नाहीत आणि पाक वाळला की कापड कडक होऊन चालताना आवाज करतं.

विषाच्या गोष्टीबद्दल थोडं कठोर बोलतो. बायकोचे हाल सहा मिनिटं दाखवलेत. अपराध जितका लांबवला तितका सूड गोड लागेल, हा हिशेब या प्रकारातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात आळशी हिशेब आहे. त्यात ती बाई माणूस उरत नाही, पुढच्या मारामारीचं इंधन होते. दीड मिनिट पुरे. चमचा दाखव. तो नवऱ्यानं दोनदा विसळला हे तिच्या नजरेतून दाखव, आणि ती तरीही औषध पिते ते दाखव. मग दुसरी बायको घरात येते, नवरा आजारी पडतो, आणि ती प्रेमानं त्याला त्याच चमच्यानं औषध भरवते. चमचा पेल्याला लागल्याचा किणकिण आवाज. तो विसळलाय का, एकदा की दोनदा? इथे भूत हवं असं तुला वाटेल. आठवडाभर भुताशिवायचा कट लावून बघ.

भूत ठेवणार असशील तर एका प्रश्नाचं उत्तर संहितेत हवं: त्याला मारता येतं तर ते पहिल्याच मिनिटाला का मारत नाही? उत्तर पडद्यावर सांगायची गरज नाही, पण तुझ्याकडे हवं. बल्ब काढलेला असला तरच ते येतं, दार आतून उघडलं तरच येतं, असला कुठलाही नियम चालेल. नियम नसला की भूत संकलकाच्या सोयीनं येतं आणि प्रेक्षकाला ती सोय दिसते.

लेखकाची गोष्ट, १९ मिनिटं. मेलेल्या मित्राचं हस्तलिखित स्वतःच्या नावावर छापणारा माणूस. हात लावू नकोस. फक्त तिची जागा चुकलीय.

जागेचं महत्त्व किती असतं ते इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाच्या ‘ब्लॅक सॅबथ’वरून कळतं. १९६३च्या या सिनेमाच्या इटालियन आवृत्तीत तीन गोष्टींचा क्रम टेलिफोन, मग वुर्दुलाक (रक्त पिणारं भूत), मग पाण्याचा थेंब असा आहे. अमेरिकन वितरकांनी तो बदलला, थेंबाची गोष्ट पहिली आणली, आणि टेलिफोनच्या गोष्टीत, जी मुळात माणसामाणसांतल्या सुडाची होती, मेलेल्या माणसाचा हात घुसडला. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघ. थेंबाच्या गोष्टीत परिचारिका मृत बाईच्या बोटातली अंगठी काढते, एवढाच काय तो अपराध. ती शेवटी आली की आधीच्या दोन गोष्टींतलं सगळं ओझं घेऊन आपण त्या अंगठीकडे बघतो, आणि एवढ्याशा चोरीला एवढी शिक्षा बघून हातपाय गार पडतात. तीच पहिली आली की निव्वळ एक चांगली भुताची गोष्ट होते.

म्हणून तुझा क्रम असा लाव: जिना, विष, वसतिगृह, लेखक. खुनी घरमालकापासून उतरत उतरत, नुसत्या कागद चोरणाऱ्या माणसापर्यंत. शेवटच्या गोष्टीला प्रेक्षक ‘बरं झालं’ म्हणू शकणार नाही.

चौकट मात्र मुळापासून बदलायला हवी. रखवालदार गोष्टी सांगतो आणि शेवटी कळतं की ऐकणारे सगळे मेलेलेच होते. ‘डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स’मध्ये १९६५ साली हे होऊन गेलं, वर सांगितलेल्या १९७२च्या सिनेमात पुन्हा झालं. आता प्रेक्षक दुसऱ्या मिनिटालाच ओळखतो आणि उरलेली ११६ मिनिटं तू कधी कबूल करतेस याची वाट बघतो. चौकट नुसती दोरी असली की असंच होतं. १९४५च्या ‘डेड ऑफ नाइट’मध्ये ती स्वतःच एक गोष्ट आहे: पाहुणा म्हणून आलेल्या वास्तुविशारदाला ते घर, ती माणसं स्वप्नात आधीच दिसलेली असतात, आणि इतर जण आपापल्या गोष्टी सांगत असताना त्याची अस्वस्थता वाढत जाते. प्रत्येक गोष्टीनंतर आपण चौकटीत परततो तेव्हा तिथलं तापमान बदललेलं असतं. तुझ्या शवागारात ते चारही वेळा सारखंच आहे.

उपाय तुझ्याच फुटेजमध्ये आहे. नोंदवहीचा एक शॉट दिसला, रखवालदार काहीतरी लिहितोय. तो जवळून पुन्हा घे. चार प्रेतं, चार ओळी, चारही ठिकाणी त्याच्याच अक्षरात ‘अपघाती’. पहिल्या गोष्टीनंतर ही ओळ निरुपद्रवी वाटेल, दुसरीनंतर खटकेल, तिसरीनंतर कळेल की हा गोष्टी का सांगतोय. तोही देणेकरी आहे. त्याला भूत दाखवू नकोस. गोष्टींच्या मधे प्रत्येक वेळी ४० ते ६० सेकंद, सुरुवात आणि शेवट धरून सगळं मिळून सहा मिनिटं. सध्या चौदा आहेत.

आवाज शेवटी, कारण तिथे तुझा सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे. धडाम वाजणारे ठोके मोजले: ४१. दर तीन मिनिटांना एक. सगळे काढ. मग आठवडाभर थांबून, अगदीच राहवलं नाही तर पाच परत घाल. दचकवणाऱ्या आवाजाच्या आधी आठ-दहा सेकंद पार्श्वभूमीचा आवाज कळणार नाही इतका हळू उतरव; कान आपोआप पुढे झुकतो. आणि आवाज चित्राच्या दोन फ्रेम आधी येऊ दे. चित्र आधी आलं तर डोळा सावध होतो आणि आवाजाचा मार वाया जातो.

पण पूर्ण शून्य शांतता कुठेही ठेवू नकोस. जिन्यात दोन ठिकाणी तशी राहिलीय आणि ती भीतीदायक वाटत नाही, यंत्र बिघडल्यासारखी वाटते. पॅच शूटला जाशील तेव्हा सगळ्यांना उभं करून जिन्याचा नुसता मोकळा आवाज किमान मिनिटभर रेकॉर्ड कर. ‘क्वाइदान’ या जपानी सिनेमातली पहिली गोष्ट, ‘काळे केस’, हेडफोन लावून बघ. गरिबीला कंटाळून बायकोला सोडून गेलेला सामुराई वर्षांनी परततो. संगीतकार तोरु ताकेमित्सूनं तिथे नेहमीचे पावलांचे, मोडतोडीचे आवाज गाळलेत आणि भलत्याच क्षणी लाकूड तडकल्याचे आवाज पेरलेत. फळी मोडताना दिसते तेव्हा ऐकू येत नाही. केसांचं भूत तिथेही आहे, तुझ्यासारखंच; फरक काय तो डोळे मिटून, नुसत्या आवाजावर, एकदा तपासून घे.

नवा हिशेब असा: जिना २०, विष २२, वसतिगृह २१, लेखक १९, चौकट सहा. ८८ मिनिटं. आधी कापाकापी कर, पॅच शूट नंतर. कापल्यावर यातलं निम्मं शूट लागणार नाही असं दिसेल. जिन्याची संहिता दोन पानांत पुन्हा लिही आणि पायऱ्या प्रत्यक्ष जाऊन मोज. त्या चौदा नसल्या तर संवाद बदल, जिना नको.

विषाच्या गोष्टीचा भुताशिवायचा कट तयार झाला की तो एकटाच पाठव. संगीत न लावता.

तुझा,
एक जुना प्रेक्षक